काम झालं का, ते सांगून जा : 'मेन'च्या शेवटच्या आकड्याचा इतिहास

तत्त्वज्ञानाचा माणूस संगणकावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. म्हणून सुरुवात कापसापासून करतो.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बाप पोराला कापसाची गाडी देऊन जिनिंगवर पाठवतो. पोरगा रात्री घरी येतो, काही न बोलता जेवतो नि झोपतो. तो परत आला, एवढं कळलं. कापूस विकला गेला का? बापाने तर त्या पैशावर उद्या उधारी फेडायचं कबूल केलंय!

शिवकालीन पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा असे. मजकूर इथे संपला, एवढंच ती सांगे. संपणं वेगळं, साधणं वेगळं.

हा फरक युनिक्स या प्रणालीत नीट सांभाळलेला दिसतो. १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती उभी केली. तिथे एक प्रोग्रॅम दुसऱ्याला कामाला लावतो, थांबतो, आणि तो संपला की त्याच्याकडून एक आकडा घेतो. शून्य म्हणजे काम झालं. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे काहीतरी बिघडलं. यशाला शून्यच का? ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात दाखवलंय, की चुकायच्या वाटा अनेक असतात, बरोबर येण्याची एकच. शून्य एकच आहे. चुकांसाठी १ ते २५५ मोकळे राहतात.

आता गंमत बघा. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकातला पहिला प्रोग्रॅम 'हॅलो, वर्ल्ड' छापतो, पण त्यातलं 'मेन' कुठलाच आकडा परत देत नाही. मग यंत्रात जो आकडा उरलेला असेल तोच बाहेर जाई. अनेक यंत्रांवर तो १३ येई, कारण स्वल्पविराम, मोकळी जागा आणि ओळ संपल्याची खूण धरून छापलेली इंग्रजी अक्षरं तेवढीच होतात. काम फत्ते, निरोप मात्र अपयशाचा! १९९९ च्या सी-प्रमाणाने ठरवलं, की 'मेन' शेवटच्या कंसापर्यंत पोचलं तर शून्य धरावं. आपल्याकडच्या कॉलेजांत मात्र टर्बो सीवर पोरं 'व्हॉइड मेन' लिहीत राहिली. म्हणजे निरोप द्यायचाच नाही.

मी एके ठिकाणी शिकवत होतो. तिथे रोज रात्री एक प्रोग्रॅम मुलांच्या गुणांची प्रत काढी. त्याचं शून्य आलं की दुसरा मूळ फाइल पुसून टाकी. एका रात्री डिस्क भरली, प्रत अर्धीच निघाली. लिहिणाऱ्याने शेवटी काहीही न तपासता शून्य लिहून ठेवलं होतं. मूळ गुण पुसले गेले. आम्ही मास्तर लोक आठ दिवस गठ्ठे सोडून बसलो. ज्यांचे कागद सापडले नाहीत, त्या पोरांना पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. त्यांचा काय दोष होता?

म्हणून सांगतो, आकडा द्या, आणि खरा द्या. खोटं शून्य गप्प बसण्याहून वाईट. गप्प आलेल्या पोराला बाप निदान विचारतो तरी.