एका खोऱ्यातून पर्यावरणविज्ञानाकडे

प्रस्तावना

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटरांवर आहे. नदी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र प्रदेश असा सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. कोयना, वारणा, पंचगंगा, घटप्रभा, मलप्रभा, भीमा, तुंगभद्रा या उपनद्यांसह तिचे खोरे जवळपास २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरांवर पसरले आहे. पर्यावरणविज्ञानाच्या बहुतेक मूलभूत संकल्पना या एकाच खोऱ्यात डोळ्यांनी पाहता येतात. म्हणून हे पुस्तक व्याख्यांपासून सुरू न होता या खोऱ्यापासून सुरू होते.

आपल्याकडच्या अनेक वाचकांची या विषयाशी ओळख सक्तीच्या अभ्यासक्रमातून झालेली असते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर पर्यावरण शिकवण्याचा आदेश दिला, आणि त्यामुळे हा विषय देशभरच्या वर्गांत पोचला, ही फार मोलाची गोष्ट झाली. पण वर्गात तो बहुधा याद्यांच्या रूपाने आला: प्रदूषणाचे प्रकार, त्यांची कारणे, त्यांवरचे उपाय. याद्या पाठ होतात, परीक्षेनंतर विसरल्याही जातात. त्यांच्या मागे जो प्रश्न असतो तो मात्र एकदा समजला की विसरता येत नाही. समोर दिसणारा पदार्थ कुठून आला? किती आला? इथे किती काळ राहील? इथून कुठे जाईल, आणि वाटेत कोणाचे काय करील? हा प्रश्न मधेच न सोडता शेवटपर्यंत नेणे, हेच माझ्या मते पर्यावरणविज्ञानाचे सार आहे. पुढची सगळी प्रकरणे म्हणजे या एका प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

पाठपुरावा करायचा तर आधी सीमा आखावी लागते. ज्या भूभागावर पडलेले पाणी एकाच प्रवाहाला मिळते ते त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र. ही निसर्गाने आखलेली सीमा आहे, आणि जिल्ह्यांच्या सीमांशी तिचा फारसा संबंध नाही. सातारा जिल्ह्याचेच पाहा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते, आपले बाष्प घाटमाथ्यावर रिते करते आणि पलीकडे उतरताना तापून कोरडी होते. माणचा दुष्काळ समजून घ्यायचा असेल तर माणच्या बाहेर, थेट समुद्रापर्यंत जावे लागते.

माणसाने मग या नैसर्गिक सीमांनाही बोगदे पाडले. कोयना धरणाचे बरेचसे पाणी डोंगराखालून पश्चिमेकडे वळवले जाते, पोफळीच्या वीजगृहात जनित्रे फिरवते आणि वाशिष्ठी नदीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्राला मिळते. निसर्गाच्या नकाशाप्रमाणे ते बंगालच्या उपसागराला जायचे होते. या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, घरे उजळली. खोऱ्याच्या ताळेबंदात मात्र हे पाणी खर्ची पडलेले असते. १९६७ सालच्या ११ डिसेंबरला कोयनेत झालेला विनाशकारी भूकंप धरणातल्या पाणीसाठ्यामुळे चाळवला गेला, असे भूशास्त्रज्ञ मानतात. पाणी, खडक, वीज आणि माणसांची घरे यांना वेगवेगळ्या विषयांच्या कप्प्यांत ठेवून ही घटना समजत नाही.

सीमा आखली की हिशेब मांडता येतो, आणि त्या हिशेबाचा पहिला नियम म्हणजे पदार्थ नाहीसा होत नाही. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत नदीकाठच्या हजारो हेक्टर काळ्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत. हे क्षार कुणी आणून टाकलेले नाहीत. नदीच्या गोड पाण्यातही थोडे क्षार विरघळलेले असतात. समजा ते लिटरमागे ३०० मिलिग्रॅम आहेत आणि उसाला हंगामात एक मीटर उंचीइतके पाणी दिले. म्हणजे हेक्टरला दहा हजार घनमीटर पाणी, आणि त्यासोबत तीन टन क्षार. पाणी पानांतून आणि मातीतून हवेत जाते, क्षार मागे राहतात. पावसाने ते खाली वाहून गेले तर ठीक. पण भारी चिकण जमिनीत निचरा मंद असतो, पाटाच्या आणि उपशाच्या पाण्याने भूजलाची पातळी वर येते, आणि मातीच्या सूक्ष्म नळ्यांतून खालचे क्षारही पृष्ठभागाकडे ओढले जातात. शेतावर पांढरा थर दिसू लागतो तोवर हा हिशेब कित्येक वर्षे चुकत आलेला असतो. शिरोळ भागात जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा सुधारण्याची कामे झाली आणि जमिनी पुन्हा पिकू लागल्या. तिथेही आपला प्रश्न सुटत नाही: पाइपांतून निघालेले खारे पाणी आता कुठे जाते?

ऊर्जेचा हिशेब याहून वेगळा आहे. पदार्थ फिरत राहतो, ऊर्जा मात्र एकाच दिशेने वाहते. सजीव आणि त्यांचा निर्जीव परिसर यांचा एकत्र विचार करणारी परिसंस्थेची कल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ साली मांडली. १९४२ साली रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकी संशोधकाने मिनेसोटातल्या एका लहान तळ्याचा अभ्यास करून दाखवले की वनस्पतींनी बांधलेल्या ऊर्जेचा थोडाच हिस्सा त्यांना खाणाऱ्यांपर्यंत पोचतो, आणि त्याचाही थोडाच हिस्सा पुढच्या पायरीवर. बाकीची ऊर्जा जगण्याच्या खटाटोपात उष्णता होऊन निघून जाते. दर पायरीला साधारण दहावा हिस्सा, हा ढोबळ नियम प्रत्यक्षात बराच कमी-अधिक होतो, पण त्याचा अर्थ पक्का आहे. शेवाळापेक्षा मासे थोडे, आणि माशांपेक्षा मासे खाणारे पक्षी आणखी थोडे का असतात, हे त्याने उलगडते. या अभ्यासावरचा लेख छापून येण्यापूर्वीच लिंडमन वारले. आज जगातला कोणताही परिसंस्थाशास्त्राचा वर्ग त्यांच्या कामाशिवाय पुरा होत नाही.

या सगळ्या संकल्पना एकत्र पाहायच्या असतील तर भीमेवरच्या उजनीला जावे. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेचे हे धरण उन्हाळ्यात उणे पातळीत गेल्याची बातमी महाराष्ट्राला परिचयाची आहे. म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागलेला असतो. या धरणात पाण्याबरोबर पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही येते, आणि त्यातून नत्र व स्फुरद. शेतात ही खते आहेत, जलाशयातही ती खतेच ठरतात. शेवाळ माजते आणि पाणी हिरवे होते. शेवाळ मरून तळाशी बसते, ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. तळाशी प्राणवायू संपला की गाळात अडकलेले स्फुरद सुटून पुन्हा पाण्यात येते आणि नव्या शेवाळाला मिळते. परिणाम असा उलटून आपल्याच कारणाला बळ देतो, त्याला प्रत्याभरण म्हणतात. त्यामुळेच अशा जलाशयांत येणारे सांडपाणी उद्या पूर्ण शुद्ध झाले, तरी पाणी परवा निवळत नाही. गाळाला स्वतःची दीर्घ स्मृती असते.

स्फुरदाचा हा दोष सिद्ध कसा झाला, हेही जाणून घेण्यासारखे आहे. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली कॅनडातल्या एका तळ्याचे पडदा लावून दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र घातले. स्फुरद फक्त एका भागात. तो भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. आकाशातून घेतलेल्या त्या छायाचित्राने धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर निर्बंध आणण्याच्या बाजूने मोठे बळ उभे केले. चांगला प्रयोग असा असतो: एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे सारखे ठेवायचे, आणि निकाल कोणालाही पाहता येईल असा मांडायचा.

साठा आणि प्रवाह यांच्यात काळ दडलेला असतो. हवेतले बाष्प सरासरी नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते. दख्खनच्या बेसाल्टात पाणी साठते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत. उथळ विहीर चांगल्या पावसाळ्यात भरते, पण खोल बोअरने उपसलेले पाणी परत यायला कित्येक वर्षे लागू शकतात. हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग तर शतकानुशतके राहतो. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर त्याचे सलग मोजमाप सुरू केले तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते. आता तो आकडा ४२० च्या पुढे गेला आहे. उद्योगयुगापूर्वी तो सुमारे २८० होता. इथे आखायची सीमा म्हणजे सारी पृथ्वी. आपल्या खोऱ्यातला पाऊस त्या मोठ्या हिशेबाच्या बाहेर नाही.

या विज्ञानात माणूस बाहेरचा निरीक्षक नसतो, म्हणून न्यायाचा प्रश्नही टाळता येत नाही. पाणी वरच्यांना आधी मिळते, सांडपाणी खालच्यांना. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे द्यायचे, भूमिहीनांनाही त्यात हक्क असायचा, आणि ऊस लावायचा नाही, असे त्याचे नियम होते. कऱ्हा, नीरा, भीमा यांच्यामार्गे हा तालुकाही कृष्णेच्याच खोऱ्यात येतो. त्या वाटपामागे पाणी किती आहे याचे नेमके मोजमाप होते, आणि ते कोणाचे आहे याचा नैतिक निर्णयही होता. सामाईक साधने लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांवरून १९९० साली ग्रंथरूपात मांडले आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नायगाव त्याच विचाराची आपली साक्ष आहे.

हे पुस्तक वाचायला बारावीचे रसायनशास्त्र यायलाच हवे असे नाही. गुणाकार-भागाकार करण्याची तयारी मात्र हवी, कारण किती या प्रश्नाशिवाय इथे पाऊल पुढे पडत नाही. प्रत्येक प्रकरण वाचताना स्वतःची एक सीमा आखा: एखादी इमारत, वाडी, ओढा, शेत. तिच्यात काय येते, काय राहते, काय जाते हे वर्षभर नोंदवा. पहिल्या नोंदी अपुऱ्या असतील. त्या तशाच तारखेसह ठेवा, कारण पुढच्या नोंदींना अर्थ त्यांच्यामुळेच येतो. वर्षाअखेर एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी, नगरपालिकेची सभा किंवा ग्रामसभा तुमच्या परिसरात होईल, तेव्हा तिथे जा. अहवालात पाणी येईल कुठून एवढेच लिहिले असेल, तर वापरून झाल्यावर ते जाईल कुठे हे विचारा. तेवढा प्रश्न आकड्यांनिशी विचारता आला, तर हे पुस्तक लिहिण्यामागचा हेतू सफल झाला असे मी समजेन.