बहात्तर तासांची मुदत

पिसाळलेला कुत्रा चावला की आपल्याकडे वडीलधारी माणसे म्हणतात, "आधी इंजेक्शन देऊन आणा, बाकीचे मग बोलू." विष अंगात शिरले आहे, पण रोग अजून उठलेला नाही, त्या मधल्या वेळात त्याला गाठायचे. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये पाश्चरने जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, ती याच हिशेबाने. एच.आय.व्ही.लाही असेच गाठता येते, हे मात्र फार थोड्या घरांना माहीत आहे. तिथे लस होती, इथे गोळ्या आहेत.

या गोळ्यांचा इतिहास मोठा बोलका आहे. झिडोवुडीन हे औषध अमेरिकेत १९८७ साली मंजूर झाले, ते रोग्यांसाठी. पुढे दूषित सुई टोचलेल्या डॉक्टरांना आणि नर्सेसना ते देऊ लागले. त्यांच्यातला धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचे १९९५ अखेर प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९९४ मध्ये, गरोदर आईला आणि जन्मलेल्या बाळाला सहा आठवडे हेच औषध दिल्यावर बाळांतील लागण शेकडा २५ वरून ८ वर आल्याचे दिसले होते. मग माकडांवर प्रयोग झाले. चोवीस तासांत सुरू करून अठ्ठावीस दिवस औषध दिलेली माकडे वाचली. उशीर झाला किंवा दिवस कमी केले, की संरक्षण ढिले पडले. आजचे बहात्तर तास आणि अठ्ठावीस दिवस यांची मुळे इथे आहेत. बहात्तर ही शेवटची हद्द. पहिले काही तास सर्वांत मोलाचे.

आता पाहा, नर्सच्या बोटाची काळजी लवकर घेतली गेली. अत्याचार झालेल्या मुलीची पाळी मात्र फार उशिरा आली. मोठ्यांच्या गोळ्या मुलांना वजनाप्रमाणे बेतून द्याव्या लागत, पातळ औषधे कडू. पण खरी अडचण औषधाची नव्हती, आपल्या तोंडाला बसलेल्या कुलपाची होती! मोठी माणसे, किशोरवयीन आणि मुले यांच्यासाठी, कोणत्याही प्रकारच्या संपर्कानंतर काय करावे याची एकत्रित मार्गदर्शिका जागतिक आरोग्य संघटनेने काढली ती २०१४ साली. सगळे औषध पहिल्याच भेटीत हातात द्यावे, असे तिने सांगितले. कारण अर्ध्यावर सोडणारे फार, आणि त्यांत किशोरवयीन पुष्कळ. मळमळ होते, डबी घरात कुठे लपवावी हे कळत नाही. लहानांसाठी पाण्यात विरघळणारी डोल्युटेग्रॅव्हिरची गोळी अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाली.

आपल्या देशात २०१२ साली पॉक्सो कायदा झाला. त्याच्या नियमांत एक वाक्य आहे, ते प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावे: अत्याचारग्रस्त मुलावर तातडीचे उपचार करण्यापूर्वी रुग्णालयाने कसलाही कायदेशीर कागद मागायचा नाही. या उपचारांत एच.आय.व्ही.चे प्रतिबंधक औषधही येते. म्हणजे फिर्याद, जबाब, घरातली खलबते यांसाठी औषध थांबवून ठेवण्याचे कारण नाही. घटना शुक्रवारी रात्री घडली असेल, तर मुदत सोमवारी रात्री संपते. रविवार त्यातच मोजला जातो.