फ्रँकफुर्टची यहुदी गल्ली

एखाद्या समाजाचा धंदा पाहून त्याचा स्वभाव ठरविण्याची खोड जगात फार जुनी आहे. यहुदी म्हणजे सावकार, हे समीकरण युरोपात शतकानुशतके रूढ होते. ते कसे तयार झाले हे पाहावयाचे असेल, तर जर्मनीत माइन नदीच्या काठी वसलेल्या फ्रँकफुर्ट नगरातील एका अरुंद गल्लीत शिरावयास हवे.

पूर्वी येथील यहुदी कुटुंबे मुख्य ख्रिस्तमंदिराच्या परिसरात ख्रिस्ती शेजाऱ्यांबरोबर राहत असत. १४६२ साली नगरसभेने त्यांना तेथून उठविले आणि जुन्या तटाबाहेरच्या पट्टीत नेऊन वसविले. हीच युडेनगासे, म्हणजे यहुद्यांची गल्ली. तिची लांबी सुमारे ३३० मीटर आणि रुंदी अवघी तीन-चार मीटर. तिला तीन वेशी होत्या. रात्री, रविवारी आणि ख्रिस्ती सणांच्या दिवशी त्या बंद करण्यात येत. प्रारंभी येथे शंभर-सव्वाशे माणसे होती. सतराव्या शतकाच्या आरंभी ती दोन हजारांच्या पुढे गेली. माणसे वाढली, जागा मात्र वाढली नाही. मग एका घराची दोन घरे झाली, घरामागे घर उभे राहिले, मजल्यावर मजला चढला, आणि भर दुपारीही गल्लीत ऊन उतरेनासे झाले.

घरांना क्रमांक नव्हते. दारावरील चिन्हावरून ती ओळखली जात. ज्या घरावर लाल ढाल होती, त्या घरावरून तेथील कुटुंबास रोथशिल्ड हे नाव पडले. पुढे युरोपातील राजांना कर्जे देणाऱ्या पेढीचा संस्थापक मायर आम्शेल रोथशिल्ड १७४४ साली याच गल्लीत जन्मला.

आता धंद्याचे पाहू. यहुद्यांस शेतजमीन बाळगण्याची मनाई होती. सुतार, लोहार, विणकर यांच्या कारागीर-संघांत त्यांना प्रवेश नव्हता, आणि संघाबाहेर राहून तो व्यवसाय करण्याची सोय नव्हती. उरले काय? व्याजबट्टा, गहाणवट, नाण्यांची अदलाबदल आणि जुन्या कपड्यांची खरेदी-विक्री. जे दार उघडे ठेवले होते त्यातूनच ते आत शिरले, आणि पुढे त्याच दाराबद्दल त्यांना दोष देण्यात आला. याच धर्माचे बेने इस्राएल लोक आपल्या कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. धर्म एकच, परंतु धंदे निराळे.

तथापि गल्लीतील जीवन केवळ दुःखाचे होते असे नव्हे. तेथे प्रार्थनामंदिर होते, विधिपूर्वक स्नानाचे कुंड होते, रुग्णालय होते, आणि विवाहासारख्या मंगलप्रसंगी जमण्यासाठी नृत्यगृहही होते. जवळच्या दफनभूमीतील सर्वांत जुने शिलालेख तेराव्या शतकातील आहेत.

१६१४ साली नगरसभेच्या करांनी आणि कारभाराने संतापलेल्या कारागिरांचा रोष या गल्लीवर वळला. विन्सेन्ट्स फेटमिल्ख नावाच्या भटारी धंद्याच्या पुढाऱ्याच्या चिथावणीने जमावाने गल्ली लुटली आणि यहुद्यांस नगराबाहेर घालविले. बादशहाने हे बंड मोडले. १६१६ साली ज्या दिवशी फेटमिल्खचा शिरच्छेद झाला, त्याच दिवशी यहुद्यांस समारंभाने परत आणण्यात आले. ‘विन्झ पुरीम’ या नावाने तो दिवस पुढे सणासारखा पाळला जाई. परंतु परत येताना नवे नियमही हाती पडले: पाचशेहून अधिक कुटुंबे नकोत, वर्षाला बाराहून अधिक विवाह नकोत.

१७११ च्या आगीत सारी गल्ली भस्म झाली. ती पुन्हा बांधण्यात आली. १७९६ साली फ्रेंच तोफांनी तिचा उत्तरेकडील भाग जाळला, आणि जी वेस विनवण्यांनी उघडली नव्हती ती तोफगोळ्यांनी उघडली. पूर्ण नागरी समता मात्र १८६४ साली मिळाली. त्यानंतर काय घडले? ज्यांना केवळ गहाणवट येते असे मानले जाई, त्यांच्यातून वैद्य, वकील, अध्यापक आणि संपादक निघाले. ‘फ्रँकफुर्टर त्साइटुंग’ या प्रख्यात वृत्तपत्राचे संस्थापक लिओपोल्ड सोन्नेमान यहुदी होते. १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे पाउल एर्लिख यांनी याच नगरात संशोधन केले. धंदा रक्तात नव्हता, तो कायद्यात होता, याहून आणखी कोणता पुरावा हवा?

हा पुरावा डोळ्यांसमोर असताही नाझी राजवटीने जुनेच समीकरण पुन्हा उगाळले. नोव्हेंबर १९३८ मध्ये प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, आणि १९४१ पासून गाड्या भरभरून यहुद्यांस मृत्यूकडे पाठविण्यात आले. १९८७ साली नव्या इमारतीसाठी खोदकाम चालू असता जुन्या गल्लीचे पाये उघडे पडले. त्यांतील काही राखून १९९२ मध्ये तेथे संग्रहालय उघडण्यात आले. दफनभूमीच्या भिंतीवर १९९६ साली सुमारे बारा हजार लहान ठोकळे बसविण्यात आले. प्रत्येकावर नगरातील एका बळीचे नाव कोरलेले आहे. १९२९ साली येथेच जन्मलेल्या ॲन फ्रँकचे नावही त्यांत आहे. येणारे लोक यहुदी रिवाजाप्रमाणे त्या ठोकळ्यांवर खडे ठेवून जातात. त्या बारा हजार नावांपुढे कोणाचा धंदा लिहिलेला नाही.