हबवरचं नाव

नारपोलीच्या यंत्रमागांवर कापड हळूहळू पुढे सरकतं ते दातेरी चाक आणि खटक्याच्या जोरावर. अशाच खटक्यांना सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशा छोट्या चाकांची जोड द्या, सगळं सायकलच्या मागच्या चाकात बंद करा, की झाला तीन गिअरचा हब!

हबवर नाव असतं 'स्टर्मी-आर्चर', नॉटिंगहॅम, १९०२. पण डोकं विल्यम रायलीचं. त्याचा दोन गिअरचा हब १८९८ मध्येच बाजारात आला होता. मात्र त्या कंपनीशी केलेल्या करारामुळे पुढचा शोध स्वतःच्या नावावर घेता येईना, म्हणून पेटंट निघालं सहकारी जेम्स आर्चरच्या नावाने. ऑफर लेटरमधलं ते कलम आठवलं ना?

१९३६ चा 'एडब्ल्यू' हब तर इतका दणकट, की गिअर घसरला तरी दोष बहुधा केबलचाच. दुसरा गिअर टाका आणि उजव्या नटच्या खिडकीतून बघा: आतली दांडी आसाच्या टोकाशी एका पातळीत हवी. नसेल तर केबल थोडी सैल किंवा घट्ट करायची. हब उघडायची गरज सहसा पडत नाही.

२००० मध्ये कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली. आर्चर आजही हबवर आहे. रायली फक्त आत.