पिलांची रात्र

कोंबडीच्या पिलांना रात्री माणसानं झोपवावं लागेल, असं आमच्या आजीच्या वेळच्या बायकांना कुणी सांगितलं असतं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. ते काम खुडूक कोंबडीचं. नऊ, अकरा किंवा तेरा अंडी तिच्याखाली ठेवायची, जोडीची संख्या चालायची नाही. एकविसाव्या दिवशी पिलं बाहेर. दिवसभर ती उकिरड्यावर पोरं घेऊन फिरायची, घार दिसली की ओरडायची. दिवेलागणीला मात्र डालग्याखाली पंख सैल सोडून बसायची आणि बारीक आवाज काढायची. एकेक पिलू पोटाखाली शिरायचं. थोडा वेळ चिवचिव, मग सगळं गप.

त्या पोटाखाली दोन गोष्टी एकदम मिळायच्या, ऊब आणि अंधार. कोंबडीचं अंग माणसापेक्षा गरम, 41 अंशांच्या आसपास. पिलाला पहिले दोन-तीन आठवडे स्वतःची ऊब धरता येत नाही, कारण अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात. माझं म्हणणं असं आहे की पुढं जे काही घडलं, ते या दोन गोष्टींची फारकत झाल्यामुळं घडलं.

1971 साली पुण्यात व्यंकटेश्वर हॅचरीज सुरू झाली. त्याआधी सरकारी कुक्कुटपालन केंद्रं होती, पण खेड्यात पिलू पोचलं ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांत. एका दिवसाची पिलं, पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या खोक्यात. खोक्याला चार कप्पे, कप्प्यात पंचवीस, आणि वाटेत मरतील म्हणून शंभराला दोन वर. पिलू अंड्यातून येताना पोटात बलकाचा साठा घेऊन येतं, म्हणून दोन दिवस खाल्ल्यापिल्याशिवाय प्रवासात तग धरतं. खोकं एस.टी.च्या टपावरून उतरलं की बघायला गर्दी व्हायची. एका म्हातारीनं विचारलेलं आठवतं, "आणि ह्यांची आई कुठंय?" लोक हसले. प्रश्न खरा होता.

आईच्या जागी आला बल्ब. जमिनीवर भाताचं तूस, त्यावर वर्तमानपत्र, भोवती पत्र्याचं गोल कडं, मधोमध टोपलीखाली नाहीतर पत्र्याच्या छत्रीखाली साठ-शंभराचे पिवळे बल्ब. पहिल्या आठवड्यात 95 फॅरनहाइट, पुढं दर आठवड्याला पाच अंश कमी, असं छापील कागदावर असायचं. थर्मामीटर फार थोड्यांकडं. बाकीचे पिलांकडं बघूनच ओळखायचे. बल्बाखाली ढीग झाला तर गारठा. कड्याला चिकटून चोच उघडी टाकली तर उकाडा. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडनं वारं येतंय. आणि सगळीकडं सारखी पसरून, मान लांब करून, एक पाय मागं ताणून पडली तर उत्तम. नवीन माणूस हे बघून घाबरतो, त्याला पिलू मेलंय असं वाटतं. ते गाढ झोपलेलं असतं.

पण बल्बाची ऊब उजेडाबरोबर येते. वीज असेल तोवर पिलाला रात्र माहीत नाही. ते दोन वाजतासुद्धा भरडा टोचत फिरतं. लवकर वजन येतं म्हणून पुष्कळांना हे बरंच वाटायचं. वीज गेली की मात्र ऊब आणि उजेड एकाच क्षणी जातात. जन्मात अंधार न बघितलेलं पिलू भेदरतं, दुसऱ्याच्या अंगाखाली घुसतं, त्याच्यावर तिसरं. वरची ओरडत राहतात, खालची गुदमरतात.

2005 सालच्या सुमारास भारनियमन वाढलं, तेव्हा खेड्यात दहा-बारा तास वीज नसायची. तोवर कोइमतूरकडं रुजलेली करारपद्धत आमच्याकडंही आली होती: पिलू, खाद्य, औषध कंपनीचं; शेड, मजुरी आणि जागरण शेतकऱ्याचं. शेजारच्या वाडीत एकाकडं पंधराशे पिलांची बॅच होती. तिसऱ्या रात्री दीडच्या पुढं लाईट गेली. पत्रे कमी पडल्यामुळं कड्याला एक कोपरा राहिला होता. कंदील पेटवून नवराबायको पोचेपर्यंत त्या कोपऱ्यात ढीग झाला होता. तीनशेच्या वर पिलं गेली, घमेल्यानं काढली. सकाळी सुपरवायझरनं कार्डावर मरतूक लिहिली, आणि बॅच गेल्यावर तेवढा दर कमी बसला. लाईट गेली हे लिहायला कार्डावर रकाना नव्हता.

मग ज्यानं त्यानं वाट काढली. कोळशाच्या शेगड्या आल्या. उजेड नाही पण ऊब. त्यातही धोका आहेच. पडदे सगळे घट्ट बांधले तर कोळशाचा वायू कोंडतो, त्यात पिलंही जातात आणि राखणीला झोपलेलं माणूसही. म्हणून वरचा वीतभर पडदा उघडा ठेवायचा, थंडी कितीही असो. कोपरे पुठ्ठे लावून गोल केले. पण सगळ्यात कामाची गोष्ट बिनपैशाची निघाली: पिलांना अंधार शिकवायचा. पहिल्या दोन रात्री उजेड ठेवायचा, त्यांना पाणी-दाणा सापडला पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून शेगडी चालू ठेवून दिवा मुद्दाम घालवायचा. आधी अर्धा तास, मग तासभर, आपण जवळ बसून. पहिल्यांदा कालवा होतो. पाच-दहा मिनिटांत आवाज बारीक होत जातो, मग नुसती कुजबुज, मग तीही थांबते. असा अंधार कळलेली पिलं पुढं लाईट गेली तरी जागची हलत नाहीत. कुक्कुटपालनाच्या पुस्तकांतही हे असतं, पण आमच्या भागात ते पोचलं त्या ढिगानंतर.

एलईडी आल्यावर आणखी एक गंमत झाली. दुकानात शंभराचा पिवळा बल्ब मिळेना. कुणीतरी हौसेनं एलईडी टांगले. उजेड झकास, पण खाली पिलं गोळा होऊन कुडकुडतायत. आता मोठ्या शेडमधनं गॅसचे ब्रूडर आहेत, उजेड वेगळा आणि ऊब वेगळी. छोट्यांना सिलिंडर परवडत नाही, ते अजून शेगडीवर. आणि ज्यांनी परसात पाच-पन्नास गावरान पुन्हा सुरू केल्यात, त्या बायका बाजारात पहिलं विचारतात, कोंबडी खुडूक बसणारी आहे का. जास्त अंड्यांसाठी निवडत आणलेल्या जातींत ती सवयच मोडून गेलीय, त्यामुळं बसणाऱ्या कोंबडीला दोन पैसे जास्त पडतात.