समुद्राच्या तळाचा नकाशा काढणारी मेरी



आडात पोहरा सोडला, की दोर किती गेला त्यावरून पाणी किती खोल आहे ते आपल्याला कळतं. समुद्राची खोलीसुद्धा माणसांनी कित्येक वर्षं अशीच मोजली. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाचं इंग्रजांचं जहाज जगभर फिरत होतं. पॅसिफिक महासागरात मारियाना बेटांजवळ त्यांचा दोर आठ किलोमीटरहून जास्त खाली गेला. त्या भागाला आज मारियाना गर्ता म्हणतात. गर्ता म्हणजे समुद्राच्या तळाला असलेली लांबलचक, खोल घळ. मारियाना गर्ता सगळ्यांत खोल, जवळजवळ ११ किलोमीटर. अख्खा एव्हरेस्ट तिच्यात ठेवला, तरी वर दोन किलोमीटर पाणी उरेल.

पण जागोजागी दोर सोडून सगळ्या तळाचं चित्र कसं मिळणार? विसाव्या शतकात आवाजाची युक्ती निघाली. जहाजातून खाली आवाज सोडायचा आणि तळावर आपटून तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. चार सेकंदांनी परत आला, तर जाऊन-येऊन ६००० मीटर झाले. म्हणजे खोली ३००० मीटर. अशा मोजणीच्या कागदांचे ढीग जमले. त्यांतून नकाशा काढला तो एका बाईने. तिचं नाव मेरी थार्प.

मेरीचा जन्म १९२० सालचा, अमेरिकेतला. वडील सरकारी नोकरीत मातीचे नकाशे करायचे. दुसऱ्या महायुद्धात मुलगे लढाईवर गेले, वर्ग रिकामे पडले, म्हणून मिशिगन विद्यापीठात मुलींना भूगर्भशास्त्र शिकायची संधी मिळाली. ती मेरीने घेतली. १९४८ मध्ये ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कामाला लागली. पण मोजणीच्या जहाजावर बायकांना मज्जाव होता. ब्रूस हीझन हा तिचा सहकारी समुद्रावर जायचा, आकडे आणायचा आणि मेरी टेबलाशी बसून ते कागदावर उतरवायची.

१९५२ मध्ये तिने अटलांटिक महासागराचे सहा आडवे छेद एकाखाली एक मांडले. मधोमध पाण्याखाली डोंगररांग होती, हे आधीच माहीत होतं. पण त्या रांगेच्या माथ्यावर, जवळजवळ प्रत्येक छेदात, एकाच जागी खाच दिसत होती. म्हणजे डोंगराच्या माथ्यावरून लांबच लांब दरी गेली होती. जमीन तिथे दुभंगून दोन्हीकडे सरकत असली पाहिजे, असं मेरीला वाटलं. खंड सरकतात हे जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनरने १९१२ मध्येच मांडलं होतं, पण मोठमोठे शास्त्रज्ञ ते हसण्यावारी नेत. हीझननेही मेरीचं म्हणणं ‘पोरीबाळींच्या गप्पा’ म्हणून उडवून लावलं.

मेरी भांडत बसली नाही. तिने सगळं काम पुन्हा तपासलं. खाच तिथेच होती. त्याच कार्यालयात हॉवर्ड फॉस्टर नावाचा एक कर्णबधिर चित्रकार समुद्रातल्या भूकंपांच्या जागा नकाशावर मांडत होता. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून खालून दिवा लावला, तर भूकंपाचे ठिपके बरोबर मेरीच्या दरीत पडले! मग हीझनलाही मानावं लागलं.

१९५७ मध्ये दोघांच्या नावाने उत्तर अटलांटिकच्या तळाचा नकाशा छापला गेला. खोलीचे नेमके आकडे तेव्हा नौदलाने गुप्त ठरवले होते. म्हणून मेरीने उंचावरून पाहावं तसं डोंगरदऱ्यांचं चित्रच काढलं. पुढे कळलं, की ही रांग सगळ्या महासागरांतून गेली आहे. आपल्या अरबी समुद्राखालीही तिचा एक फाटा आहे.

आता गर्तेकडे परत येऊ. दूध उकळताना मधून वर येतं आणि साय कडेला सरकते. तसाच त्या दरीतून तापलेला रस वर येतो, थिजतो, नवं कवच होऊन दोन्ही बाजूंना सरकतो. अटलांटिकमध्ये हे सरकणं वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर, आपली नखं वाढतात तेवढं. जुनं कवच शेवटी गर्तेपाशी दुसऱ्या कवचाखाली शिरतं. म्हणून पृथ्वीचं वय ४५० कोटी वर्षं असलं, तरी समुद्राखालचं बहुतेक कवच २० कोटी वर्षांच्या आतलं आहे.

खाली शिरताना कवच अडकतं आणि कधीतरी झटक्याने सुटतं. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळच्या गर्तेपाशी तेच झालं. त्या भूकंपाने उठलेली त्सुनामी तामिळनाडूच्या आणि अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यावर आदळली, हजारो माणसं गेली. २००७ पासून हैदराबादचं केंद्र अशा लाटांचा इशारा देतं. तळ कुठे आणि कसा सरकतो, हे माहीत असल्यामुळेच ते शक्य झालं.

मेरी २००६ मध्ये वारली. शेवटच्या काही वर्षांत तिला मानसन्मान मिळाले. पण शोध नवा होता, तेव्हा त्यावर छापलेल्या बऱ्याच लेखांवर तिचं नाव नव्हतं. आपल्या गटांतही असं होतं. हिशेब एक लिहिते, ठराव दुसरी तयार करते आणि बाहेर नाव तिसऱ्याच कुणाचं जातं. पुढच्या बैठकीत नोंदवही उघडाल, तेव्हा लिहिणारीचं नाव खाली आहे ना, तेवढं पाहा. नसेल तर तिथेच घाला.