एक यंत्र, चार विद्यार्थी



आपल्या परभणी जिल्ह्यातली एखादी लहान वाडीवरची शाळा डोळ्यांसमोर आणा. चार इयत्ता आणि गुरुजी एकटेच. चौथीला गणित घालून दिले की गुरुजी पहिलीकडे वळतात. पहिलीची पोरे अक्षरे गिरवू लागली की तिसरीचे पाढे ऐकतात. गुरुजी मुरलेले असले, तर कुठल्याच इयत्तेला आपण पोरके आहोत असे वाटत नाही. आज मी जी हकिकत सांगणार आहे ती याच युक्तीची आहे. फक्त गुरुजींच्या जागी संगणक आहे.

आरंभ आपल्याच राज्यातून करू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी बांधलेला एक संगणक १९६० साली चालू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मरणशक्ती म्हणाल तर दहा किलोबाइट. आज खिशातल्या फोनने काढलेले एक छायाचित्रही तेवढ्यात मावायचे नाही! पुढे १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे परदेशी यंत्र आले आणि ठिकठिकाणचे संशोधक त्यावर काम करू लागले.

काम करायचे म्हणजे कसे? कागदी पत्त्यांना भोके पाडायची, गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि पाळी येण्याची वाट पाहायची. एका पत्त्यात चूक निघाली, तर दुरुस्त करून पुन्हा रांगेत. यंत्र लाखामोलाचे, म्हणून ते क्षणभरही रिकामे राहू नये ही दक्षता. माणसे मात्र ताटकळली तरी चालत. जगभर हीच तऱ्हा होती.

ही तऱ्हा उलटी करावी असे काहींच्या मनात आले. अमेरिकेत एमआयटी येथे जॉन मॅकार्थी यांनी १९५९ साली तसे टिपण लिहिले, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखविले. त्यांच्या प्रयोगात एका यंत्राला किती टंकयंत्रे जोडली होती, ठाऊक आहे? चार. आपल्या गुरुजींच्या चार इयत्तांइतकीच!

यात जादू नाही, बरे का. माणूस एक कळ दाबतो, मग विचार करतो, मग दुसरी दाबतो. त्या मधल्या वेळात यंत्राला युगे लोटल्यासारखी वाटत असतील. तेवढ्यात ते दुसऱ्याचे, तिसऱ्याचे काम करून परत येते. जायकवाडीच्या कालव्यावर पाण्याची पाळी असते ना, तशीच ही पाळी. पण इथली पाळी सेकंदाच्या लहानशा अंशात फिरते, त्यामुळे प्रत्येकाला वाटते की सारा कालवा आपल्याच शेतात वाहतो आहे.

एका यंत्रावर अनेक माणसे आली म्हणजे ज्याची वही त्यालाच दिसली पाहिजे. म्हणून प्रत्येकाला आपला संकेतशब्द देण्यात आला. शिक्षकांना सांगतो, पहिली खोडी लगेचच झाली. अ‍ॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला वाट्याचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने १९६२ साली सगळ्यांच्या संकेतशब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. कबुली दिली ती कितीतरी वर्षांनी.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी 'युनिक्स' रचावयास घेतले. अनेकांनी एक यंत्र वाटून घेणे हा त्याचा पिंडच झाला. फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली त्याच घडणीवर 'लिनक्स' नव्याने लिहिले आणि सर्वांना मोकळे ठेवले.

दरम्यान यंत्रे स्वस्त झाली. एक माणूस, एक संगणक अशी रीत पडली. कचेरीत ती शोभते; शाळेत काय झाले? बंगळूरजवळच्या ग्रामीण शाळांत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाहिले, की एका पडद्याभोवती पोरांचा घोळका, आणि माउस मात्र एकाच धीट पोराच्या हाती. हे वाचायला बंगळूरला कशाला जावे? आपल्याकडेही मी हेच पाहिले आहे. मागे उभी राहिलेली मुलगी तासभर नुसती पाहते आणि 'संगणक शिकले' म्हणून घरी जाते. मला हे खटकते.

ब्राझीलच्या पराना राज्याने यावर इलाज केला. तिथल्या सरकारी शाळांत लिनक्सच्या एकेका पेटीला चार पडदे, चार कळफलक व चार माउस जोडून दिले. पुढे २०१२ च्या सुमारास ही सोय लिनक्समध्येच मुरली.

आता कृती सांगतो. पेटीत जादा ग्राफिक्स कार्ड बसवा आणि त्याला दुसरा पडदा जोडा. दुसरा कळफलक व माउस एका यूएसबी हबमध्ये खोचा. लिनक्स पहिल्या जागेला 'सीट शून्य' म्हणते. 'लॉगिनसीटीएल' या आज्ञेने ते कार्ड आणि तो हब 'सीट एक'च्या नावे लावून द्या. सातबाऱ्यावर नाव चढवावे तसे. यंत्र बंद करून चालू केले तरी नोंद टिकते, आणि दुसऱ्या पडद्यावर प्रवेशाची स्वतंत्र खिडकी येते. प्रत्येक मुलाचे खाते वेगळे करा. मग एकाच पेटीवर एकजण मराठीत, शेजारचा उर्दूत, तिसरी इंग्रजीत असे काम चालते.

अडचणीही ऐका. स्मरणशक्ती ऐपतीप्रमाणे वाढवावी लागते. चौघांनी एकदम चित्रपट लावले तर यंत्र धापा टाकते. आणि पेटी बिघडली की चौघेही बसून राहतात, हा मोठा दोष आहे. एक जुनी पेटी हाताशी असू द्या. वीज गेल्यावर मात्र चार पेट्यांऐवजी एकच पेटी आणि पडदे इन्व्हर्टरवर चालवायचे असतात. खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला पेटी उघडून दाखवायला सांगा, आणि जादा कार्डाची खाच रिकामी आहे ना, ते डोळ्यांनी पाहूनच पैसे मोजा.